बॉयलरचं पाकीट

ते भांडण एका चादरीवरून झालं, आणि अक्काने ते इस्त्री केलेल्या चादरींच्या थप्पीमागे बसून ऐकलं. तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असेल. शाळा सुटली की घरी न जाता धुलाईत यायचं आणि थप्पीमागच्या उबेत बसून पाव खायचा, हा तिचा रोजचा कार्यक्रम. नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींना एक ऊब असते. थंडीच्या दिवसांत ती आईच्या कुशीपेक्षाही बरी, कारण चादरी अभ्यास विचारत नाहीत.

धुलाई म्हणजे तिच्या वडिलांचा आणि मोठ्या काकांचा कारखाना. कारखाना म्हणायचं ते आपलं मान म्हणून. एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात कपडे घुसळणारा लोखंडी ड्रम, पिळायचं यंत्र, आणि वाफेवर तापणारा मोठा रोलर. ओली चादर रोलरच्या एका बाजूने घालायची, ती दुसऱ्या बाजूने कडक होऊन बाहेर यायची. एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी आणि दोन-तीन हॉटेलांचे टॉवेल, एवढं काम. सगळं चालायचं वाफेवर आणि वाफ यायची मागच्या खोलीतल्या बॉयलरमधून. तो बसला की सगळंच बसलं.

त्या दिवशी हॉस्पिटलला जाणाऱ्या थप्पीतल्या एका चादरीवरचा औषधाचा डाग काही केल्या निघाला नव्हता. वडिलांची रीत अशी, की न निघालेला डाग थप्पीत सगळ्यात वर ठेवायचा, तोसुद्धा डाग दिसेल अशी घडी घालून. हॉस्पिटलवाल्यांनी आधी तो बघावा, त्या चादरीचे पैसे कापावेत आणि बाकीची थप्पी न उलगडता आत न्यावी. मोठ्या काकांनी मात्र ती चादर उचलली आणि गुपचूप थप्पीच्या मधोमध सरकवली.

“दादा, ती वर राहू दे,” वडील म्हणाले.

“डाग दाखवून धंदा करणारा जगात तू एकटाच असशील,” काका म्हणाले.

तिथून गाडी जी सुटली ती चादरीवर थांबली नाही. वर्षअखेरीचे दिवस होते. खर्च वजा जाता बरी रक्कम उरली होती, आणि काकांचं म्हणणं, उरला तो नफा, दोघांत अर्धा अर्धा करून मोकळं व्हायचं. वडिलांचं म्हणणं, तो सगळा नफा नाहीच. साबण संपतो तो आपल्याला दिसतो, कोळसा संपतो तोही दिसतो, म्हणून ते आपण खर्चात मांडतो. बॉयलरही रोज थोडा थोडा संपतोय. तो दिसत नाही म्हणून मांडायचा नाही का? दर वर्षी त्याच्या झिजेपुरते पैसे बाजूला काढले पाहिजेत. काका हसले. म्हणाले, बॉयलर आपल्या जागी ठणठणीत उभा आहे, जाऊन बघून ये. संपेल तेव्हा बघू.

मोठ्या भावापुढे आवाज चढवणं वडिलांना कधी जमलं नाही. पैसे वाटले गेले. त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं. अक्काने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, आणि दोघं बाहेर गेल्यावर मधली ती चादर ओढून पुन्हा वर ठेवली. तेवढं तिच्या हातात होतं.

बॉयलर काही फुटला-बिटला नाही. एके दिवशी सकाळी त्याच्या नळ्यांतून पाणी भट्टीत गळायला लागलं, निखारे विझले आणि रोलर गार पडला. कारागीर येऊन बघून गेला. म्हणाला, क्षारांनी आणि वयाने नळ्या खाल्ल्या, आता यात जीव नाही. वडिलांनी तिजोरी उघडली. तिजोरीत असणार काय? नफा काकांच्या घरापुढच्या पडवीत होता, काकूंच्या दागिन्यांत होता, आणि खरं सांगायचं तर अक्काच्या आईच्या नव्या कपाटातही होता. दोन्ही घरांनी तुकडा तुकडा करून बॉयलर खाल्ला होता आणि कुणाला ढेकरही आला नव्हता.

काकांनी तेव्हा हिस्सा मागितला. मागितला तो चालू धुलाईच्या किमतीने, आणि बंद धुलाईच्या दारात उभं राहून. वडिलांनी दिला. राहतं घर विकलं, वर कर्ज काढलं, कुठूनतरी जुना बॉयलर आणून बसवला, आणि पुढचं सगळं आयुष्य ते कर्ज फेडण्यात घातलं. कर्ज फिटलं आणि वडील गेले. मधे श्वास घ्यायलासुद्धा फारसा वेळ मिळाला नाही त्यांना.

मग धुलाई अक्काकडे आली. अर्धी तिची, अर्धी धाकट्या भावाची. पण भाऊ शिकून दुसऱ्या गावी ऑफिसात लागलेला, तेव्हा त्याच्या अर्ध्या हिश्श्यासकट सगळी धावपळ हिचीच. अक्काचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं होतं. एकदा धुलाई बंद होती म्हणून, आणि एकदा चालू होती म्हणून. तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही आणि हिनेही आठवण करून दिली नाही.

हिशेब ती शाळेत शिकली नव्हती, धुलाईत शिकली. पहिला धडा हॉस्पिटलने दिला. त्यांचं बिल आज द्यावं तर पैसे तीन-तीन महिन्यांनी यायचे. साबणवाल्याला मात्र पोतं उतरवायच्या आधी रोख हवी. भाऊ वर्षअखेरीला यायचा, जमाखर्च बघायचा आणि खूश होऊन म्हणायचा, “अक्का, या वर्षी नफा चांगला आहे की.”

“हो का? मग त्यातले थोडे काढून साबणवाल्याला दे बरं,” अक्का म्हणायची.

नफा कागदावर होता आणि पैसे हॉस्पिटलच्या कचेरीत. या दोन गोष्टी एक नाहीत, हे कळायला काही लोकांना पदवी लागते आणि काहींना दारात बसलेला साबणवाला पुरतो. मधल्या तीन महिन्यांत धंदा चालू ठेवायला जो पैसा हाताशी लागतो त्याला खेळतं भांडवल म्हणतात, असं भावाने सांगितलं. अक्का म्हणाली, खेळत असेल, पण माझ्याशी ते लपाछपीच खेळतं.

वडिलांनी आणलेला जुना बॉयलर थकला तेव्हा तिने बँकेतून कर्ज काढून कोरा करकरीत बॉयलर घेतला आणि ते कर्ज पोटाला चिमटा काढून फेडलं. शेवटचा हप्ता भरला त्याच महिन्यात तिने एक गोष्ट सुरू केली. बॉयलरची किंमत त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या महिन्यांनी भागली आणि जी रक्कम आली ती दर महिन्याला बाजूला काढायची ठरवली. पगाराच्या दिवशी ती टेबलावर सगळ्यांची पाकिटं मांडून बसायची. त्यात पहिलं पाकीट बॉयलरचं. वर स्वच्छ अक्षरात ‘बॉयलर’ लिहिलेलं. ते भरल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं भरायचं नाही, स्वतःचं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते बँकेत भरून यायची.

रोलरवरच्या मावशींना याची फार गंमत वाटायची. मावशी म्हणजे धुलाईतलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांच्या जिभेला इस्त्री कधी झाली नाही. पाकिटं वाटताना त्या हटकून म्हणायच्या, “आम्ही आजारी पडलो तर पगार कापला जातो, आणि हा नुसता उभा राहून पहिलं पाकीट घेतो.”

“तुम्हीही मावशी वाफ सोडून दाखवा, तुमचंही पहिलं ठेवते.”

“मी सोडते ती कमी आहे का? पण काही म्हण अक्का, नोकर गुणी आहे. इतकी वर्षं झाली, एकदा तोंडाने पगारवाढ मागितली नाही.”

सगळे हसायचे. बॉयलर सांभाळणारा भट्टीवाला, जो एरवी दातसुद्धा दाखवत नसे, तोही हसायचा. अक्काही हसायची. दर वर्षी सगळ्यांचे पगार वाढत गेले, साबणाचे भाव वाढले, चादरीमागचा दर वाढला. बॉयलरचं पाकीट तेवढंच राहिलं. त्या खात्यावरचं व्याजसुद्धा ती काढून घ्यायची, कारण हॉस्पिटलचे पैसे लांबले की पगार त्यातून भागायचे. मुद्दलाला मात्र हात लावायचा नाही. आईच्या आजारपणातसुद्धा तिने लावला नाही. भावाकडून मागून घेतले, पण तिथले काढले नाहीत.

भावाची मुलगी सुट्टीत आत्याकडे यायची. तीही त्याच थप्पीमागे बसून पाव खायची. मोजायला ती अभ्र्यांवर शिकली. पुढे खूप शिकली आणि एका मोठ्या कंपनीत लागली. तिच्या कामाचं नाव अक्काला कधी पाठ झालं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, ती मोठ्या लोकांना पैसे कुठे घालू नयेत ते सांगते. भाची म्हणायची, आत्या, माझ्या साहेबांनासुद्धा इतकं नेमकं सांगता येत नाही.

बॉयलर तपासायला दर वर्षी सरकारी तपासनीस यायचा. त्या वर्षी त्याने नळ्यांवर हातोडीने टकटक केली, कान लावून ऐकलं, पुन्हा टकटक केली. मग हात पुसत म्हणाला, या वर्षाचा परवाना देतो, पुढच्या वर्षी मागू नका.

भट्टीवाल्याचं तोंड उतरलं. अक्काचं नाही. इतकी वर्षं ती याच दिवसाची वाट बघत होती म्हणा ना. दुसऱ्या दिवशी तिने चांगले कपडे घातले, बँकेत जाऊन शिल्लक विचारून घेतली आणि बॉयलरच्या दुकानी गेली. बाबांना जे जमू दिलं नाही ते मी करून दाखवलं, असं ती कुणाला म्हणाली नाही, पण तिच्या चालण्यात ते दिसत होतं.

दुकानदाराने किंमत सांगितली. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने कागदावर लिहून दिली. तिच्याजवळ जेवढे होते त्याच्या तिपटीहून ती किंमत जास्त होती.

ती परत आली ती थेट थप्पीमागे जाऊन बसली. मावशींनी रोलर थांबवला आणि जवळ आल्या.

“काय झालं?”

“तुम्ही सांगत होतात ना मावशी, पगारवाढ मागत नाही म्हणून,” अक्का म्हणाली. “त्याने मागायला हवी होती. मी जुन्या बॉयलरच्या किमतीचे पैसे साठवले. नवा कितीला येईल, हे मी कधी विचारलंच नाही.”

मावशी तिच्याशेजारी थप्पीला टेकून बसल्या.

भाऊ आणि भाची सुट्टी काढून आले. भाऊ आधी चेष्टेच्या सुरात म्हणाला, अक्का, यंत्राच्या झिजेचा घसारा काढायला तू एकटी शिकलीस, महागाई शिकायची राहिली की. पण तिचा चेहरा बघून पुढचं गिळून टाकलं. प्रश्न साधा होता. कमी पडणारे पैसे कर्जाने उभे करायचे आणि नवा बॉयलर घ्यायचा, की धुलाई बंद करायची? कर्ज मिळणार होतं ते भावाचं राहतं घर तारण ठेवून. तो त्याला तयार होता. अक्काने एवढंच म्हटलं, आधी मांडून बघू.

रविवारी यंत्रं बंद असताना तिघं घड्या घालायच्या लांब टेबलाशी बसले. टॉवेल गुंडाळायचा तपकिरी कागद भाचीने पसरला. आत्याला नुसतं उत्तर सांगून चालणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिने मुळापासून सुरुवात केली.

“समज, मी तुला शंभर देणार आहे. आज देऊ की पुढच्या वर्षी?”

“आजच दे. तुझ्या बापाने पुढच्या वर्षीचं सांगून पुष्कळदा चुकवलंय.”

“बरोबर. म्हणजे पुढच्या वर्षीचे शंभर हे आजचे शंभर नाहीत.”

मग तिने समजावलं. कर्जावर शेकडा दहा व्याज आहे असं धरू. आपला पैसा बॉयलरमध्ये घातला तर त्याने निदान तेवढं तरी मिळवून दिलंच पाहिजे. नाहीतर घालायचा कशाला? तो झाला भांडवलाचा खर्च. आता वर्षभराने जी रक्कम हातात येणार तिला एक पूर्णांक एक दशांशने भागायचं, की तिची आजची किंमत निघते. पुढच्या वर्षी मिळणारे एकशे दहा म्हणजे आजचे शंभर. दोन वर्षांनी मिळणार असतील तर दोनदा भागायचं, तीन वर्षांनी तर तीनदा. जितकं वर्ष लांब, तितकी रक्कम बारीक.

“दर धुण्याला आटणारं कापड,” अक्का म्हणाली.

“अगदी तसंच. अशी सगळ्या वर्षांची आटलेली रक्कम एकत्र करायची, आणि त्यातून आज घालायचे पैसे वजा करायचे. वर काही उरलं तर घ्यायचा बॉयलर. उणे आलं तर नाही.”

अक्काला ते आवडलं. सगळ्या पुढच्या वर्षांना ओढून आजच्या टेबलावर आणायचं, ही कल्पनाच तिला पसंत पडली. बाबांना हे कुणी असं सांगितलं असतं तर, एवढं म्हणून ती थांबली. भाची लिहीत राहिली. हॉस्पिटलकडून येणारे पैसे, हॉटेलांकडून येणारे, त्यातून साबण, कोळसा, पगार वजा. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, असं आठव्या वर्षापर्यंत. प्रत्येक ओळ भागून बारीक केली. शेवटी बेरीज केली, बॉयलरची किंमत वजा केली आणि खाली रेघ मारली.

उरत होतं. फार नाही, पण उरत होतं.

भावाने मोठा श्वास सोडला. म्हणाला, झालं तर मग, उद्याच बँकेत जाऊ. त्याने उठून चहासाठी पाणीसुद्धा ठेवलं. अक्का मात्र जागची हलली नाही. ती कागद वाचत नव्हती. थप्पी चाळावी तशी एकेका ओळीवरून बोट फिरवत वरून खाली येत होती. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. हॉस्पिटल, तिसरं वर्ष. मग चौथं. मग पाचवं. सगळीकडे तेवढीच रक्कम.

हॉस्पिटलच्या मागे नवी इमारत उठत होती, आणि तिच्या तळघरात त्यांची स्वतःची धुलाई होणार होती. तिथल्या कपडेखोलीच्या सिस्टरने ते अक्काला कधीच सांगितलं होतं. दोन वर्षं, फार तर. आणि अक्काने ते फोनवर भाचीला सांगितलं होतं.

“ही चादर मध्ये कुणी ठेवली?” अक्काने विचारलं.

भाचीने मान खाली घातली. भावाने उकळत्या पाण्यात चहापूड टाकली.

“आत्या, ती वर ठेवली असती तर उणे आलं असतं.”

“किती उणे?”

“पुष्कळ.”

“मग तसं मांड.”

भाऊ मध्ये पडला. म्हणाला, राहू दे ना अक्का, आठ वर्षं धर. तोवर दुसरं हॉस्पिटल मिळेल, हॉटेलं वाढतील, कुणी पुढचं पाहिलंय.

“मिळालं तर मिळेल,” अक्का म्हणाली. “तुझं घर मात्र नक्की जाईल. बाबांचं गेलं तेव्हा तू लहान होतास, तुला आठवत नाही. मला आठवतं.”

भाचीने नवा कागद फाडला. दोन वर्षं हॉस्पिटल, पुढे नुसती हॉटेलं. तिचे डोळे भरून आले होते आणि आकडे वाकडे पडत होते, पण भागाकार चुकला नाही. उत्तर उणे आलं. अर्धा बॉयलरसुद्धा वसूल होत नव्हता. जुना बॉयलर चालेल तोवर चालवायचा आणि परवाना संपला की दार लावायचं, हाच त्या कागदाचा निकाल.

अक्काने तो कागद आपल्याकडे ओढला. मग हळूच विचारलं, “आणि मी घातलं ते? बाबांनी घातलं ते? ते कुठल्या ओळीत येतं?”

“ते धरत नाहीत, आत्या.” भाचीने पेन खाली ठेवलं. “होऊन गेलेला खर्च पुढचं ठरवताना धरायचा नाही. बुडीत म्हणतात त्याला. तो कशानेच परत येत नाही, म्हणून.”

“बरं आहे,” अक्का म्हणाली. “धरायचा म्हटला असता तर हा कागद पुरला नसता.”

तिने कागदाची चौपदरी घडी घातली, अभ्र्याची घालतात तशी, कडेला कड लावून. मग उठली आणि चहा गाळला. तिघांनी तो उभ्यानेच प्यायला.

धुलाई आणखी काही महिने चालली. बॉयलरच्या खात्यातली अर्धी रक्कम रीतीने भावाची होती. तो म्हणाला, मी ती मागणार नाही, तुला हवं ते कर. शेवटच्या पगाराला अक्का नेहमीसारखी पाकिटं मांडून बसली. पहिलं पाकीट बॉयलरचं असायचं, ते त्या दिवशी नव्हतं. बाकीची मात्र इतकी जाड होती की मिटत नव्हती. ज्याची नोकरी जितकी जुनी, तितकं त्याचं पाकीट जाड. तिचं स्वतःचं सगळ्यात शेवटी, नेहमीएवढंच.

मावशींनी पाकीट उघडून आत पाहिलं आणि अक्काकडे पाहिलं.

“हे बॉयलरचे?”

“त्याने कधी खर्च केले नाहीत,” अक्का म्हणाली. “कुणाला तरी द्यायचेच होते.”

त्यावर मावशींनी काहीतरी चावट बोलावं म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मावशींनी पाकीट छातीशी धरलं आणि रोलरकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

अक्का त्यानंतर वर्षभरही राहिली नाही. दुखणं असं काही नाव घेण्यासारखं नव्हतं. डॉक्टरने पुष्कळ तपासण्या केल्या आणि शेवटी वय म्हणाला. तिला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा पहिल्या दिवशी तिने चादरीचं टोक दोन बोटांत धरून बघितलं, आणि भाचीला सांगितलं की ड्रममध्ये गर्दी करतात हे लोक, साबण नीट निघत नाही. पण ते नंतरचं. धुलाईचा शेवटचा दिवस वेगळाच होता, म्हणजे इतर दिवसांसारखाच होता.

सकाळी भट्टीवाल्याने वाफ धरली. ड्रम फिरला, रोलर तापला. दुपारपर्यंत हॉस्पिटलची शेवटची थप्पी तयार झाली. त्यातल्या एका चादरीवर औषधाचा पिवळा डाग राहिला होता. दोनदा धुऊन झाला होता, ब्लीच लावून झालं होतं. मावशी ती चादर हातात घेऊन म्हणाल्या, “आज जाऊ दे आत. उद्या कोण बघायला येणार आहे आपल्याकडे?”

अक्काने ती त्यांच्या हातातून घेतली, डाग वर येईल अशी घडी घातली आणि थप्पीवर ठेवली. मग थप्पी कापडात बांधली आणि हातगाडीवर चढवली. मागच्या खोलीत भट्टीवाला वाफ सोडत होता. तो लांबलचक सुस्कारा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत तिच्या मागे येत राहिला आणि तिथे संपला.

रस्ता रोजचाच. सायकलवाल्याचं दुकान, शाळेची भिंत, औषधांच्या दुकानापुढची चढण. चढणीला ती नेहमीसारखी थांबली, गाडीच्या चाकाला दगड लावला, दम खाल्ला आणि पुढे निघाली. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून उतरणीने कपडेखोलीत जायचं. तिथे सिस्टर चष्मा कपाळावर सरकवून बसली होती. तिला दिवस माहीत होता. ती उठून उभी राहिली, जे ती एरवी कधी करत नसे.

अक्काने गाठोडं टेबलावर ठेवून गाठ सोडली.

“हा निघाला नाही,” ती म्हणाली. “याचे धरू नका.”

सिस्टरने डागाकडे पाहिलं. “राहू दे अक्का. आजचे धरते.”

“नको. कापा.”

सिस्टरने कागदावर एक चादर कमी केली आणि सही केली. बाकीची थप्पी तिने कधी मोजली नव्हती, आजही मोजली नाही. नुसता तिच्यावर हात ठेवला. चादरी अजून कोमट होत्या.

अक्काने बांधायचं कापड झटकलं. न्यायला मळक्या कपड्यांचं गाठोडं नव्हतं, तेव्हा तिने त्या कापडाची घडी घातली, कडेला कड लावून, पुन्हा एकदा हाताने सारखी केली, आणि रिकाम्या गाडीत ठेवून ती चढणीला लागली.